डासांच्या अळ्यांवर इसेन्शियल ऑइल वापरायचंय? आधी काचेच्या ग्लासात करून बघा

आमच्या ऐरोलीच्या घरी किचनच्या खिडकीत मनी प्लँटची एक काचेची बाटली होती, दोन-तीन वर्षं तिथेच, पाणी कमी झालं की वरून ओतायचं, बस. मागच्या पावसाळ्यात पालिकेच्या ताई घरोघरी तपासणीला आल्या, कुंड्या बघितल्या, फ्रीजच्या मागे टॉर्च मारला, आणि जाता जाता ती बाटली उचलून उजेडाकडे धरली. आत नुसती वळवळ. आणि मी त्याच सकाळी खालच्या गटारावरून सोसायटीच्या सेक्रेटरींशी भांडून आलेले, की तुमच्यामुळे डास होतात म्हणून.

तर त्या दिवसापासून अळ्या मारायला इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींपासून काढलेलं उग्र वासाचं, उडून जाणारं तेल वापरायचं हे वेड लागलं. लवंग, गवती चहा, ओवा, सगळं करून झालं, चुका पण भरपूर झाल्या. ज्यांना पहिल्यांदा करायचंय त्यांच्यासाठी क्रमाने लिहितेय. एक आत्ताच सांगून ठेवते, जे पाणी ओतून टाकता येतं तिथे तेल घालण्यात काही अर्थ नाही. ओता, घासा, संपलं. जिथे हात पोचत नाही किंवा पाणी परत परत येतंच, तेवढ्याच जागांसाठी तेल.

सुरुवात तेलापासून नाही, टॉर्चपासून

रविवारी सकाळी टॉर्च घेऊन घरात एक चक्कर मारा. कुंड्यांखालच्या प्लेट्स, फ्रीजच्या मागचा ट्रे (हा आहे हेच अर्ध्या लोकांना माहीत नसतं), एसीच्या पाइपखाली ठेवलेली बादली, बंद असलेल्या बाथरूमची जाळी आणि कमोड, गॅलरीत पडलेला कूलर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं, खिडकीच्या ग्रिलवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या. मग खाली उतरून टायर, रंगाचे रिकामे डबे, नारळाच्या करवंट्या, लिफ्टचा खड्डा, डक्ट.

अळी कोणाची ते ओळखायला शिका, फार अवघड नाहीये. डेंग्यूवाला एडिस स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, पायावर पांढरे पट्टे असतात आणि चावतो दिवसा. त्याच्या आणि क्युलेक्सच्या अळ्या डोकं खाली करून पाण्याच्या वरच्या पातळीला लटकतात, शेपटीकडे श्वास घ्यायची एक नळी असते ती वर काढून. क्युलेक्स मात्र घाण पाण्यातला, गटारातला. मलेरियाच्या ॲनोफिलीसच्या अळीला ती नळी नसते म्हणून ती पाण्यावर आडवी पडलेली दिसते, आणि आपल्या शहरांमधला मलेरियाचा डास गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामाचं साठलेलं पाणी अशा ठिकाणी वाढतो. म्हणजे गटाराकडे बोट दाखवून मी जे भांडत होते ते डेंग्यूच्या बाबतीत तरी चुकीच्या पत्त्यावर.

आता ओतायचं ते ओता, पण भांडं घासा सुद्धा. एडिसची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतात आणि सुकली तरी काही महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी फेकलं आणि परत भरलं की झालं, पुन्हा सुरू. काथ्याने किंवा ब्रशने आतून घासायचं. हे करून ज्या जागा उरतील त्या एका कागदावर लिहा. माझ्या यादीत शेवटी चारच उरल्या: एसीच्या बादलीचा तळ (मी नसले की कोणी ओतत नाही), दोन जड कुंड्यांच्या प्लेट्स ज्या मला एकटीला उचलत नाहीत, आणि वापरात नसलेल्या बाथरूमचा ट्रॅप (जाळीखालचा, पाणी साठून राहतं तो भाग).

कुठलं तेल घ्यायचं

बाटलीवर ‘फ्रेग्रन्स ऑइल’ किंवा ‘अरोमा ऑइल’ लिहिलं असेल तर सोडून द्या, तो नुसता वास असतो. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठल्या भागापासून काढलंय, वाफेने काढलंय का, एवढं तरी लेबलवर हवं. संत्र्याच्या सालीचं तेल बहुतेक दाबून काढतात, ते चालतं.

लवंग तेलात मुख्य घटक युजेनॉल, साधारण ७० ते ९० टक्के. गवती चहाच्या तेलात सिट्रल. ओव्याच्या तेलात थायमॉल. संत्र्याच्या तेलात लिमोनिन, ते तर ९० टक्क्यांच्या वर. ही सगळी झाडाने स्वतःच्या संरक्षणासाठी केलेली रसायनं आहेत, किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतात, अळीचे स्नायू आणि श्वास दोन्ही बिघडतात. अभ्यासक साधारण असं मानतात की १०० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात तेलाचे १०० भाग) आत निम्म्या अळ्या मरत असतील तर तेल दखल घेण्यासारखं, ५० च्या आत मरत असतील तर चांगलंच. पण झाड कुठे वाढलं, कधी कापलं, तेल किती जुनं, यावर फरक पडतो, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यावर डोळे मिटून जाऊ नका.

कडुलिंबाचं तेल यात येत नाही बरं का. ते बियांपासून घाण्यावर काढलेलं जड तेल, त्याचं काम वेगळं, त्यातला घटक अळीची वाढ आणि कात टाकणं बिघडवतो म्हणून परिणाम दिसायला वेळ लागतो. आणि कापराच्या वड्या बादलीत टाकणे, संत्र्याची सालं उकळून ते पाणी ओतणे, याला तेल म्हणू नका प्लीज. सालं टाकून उलट पाणी कुजतं आणि अळ्यांना खायला मिळतं. आमच्या सासूबाईंनी ते केलं होतं, मी काही बोलले नाही, चार दिवसांनी त्यांनीच गुपचूप ओतून टाकलं.

पाण्यात कालवायचं कसं

इथे सगळे नवीन लोक घसरतात. तेल पाण्यात विरघळत नाही, दोन थेंब टाकले की वर चकत्या होऊन भिंतीला जाऊन चिकटतात आणि अळ्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन आरामात श्वास घेतात. म्हणून मध्ये काहीतरी लागतं जे दोघांना जोडेल. पॉलिसॉर्बेट ८० म्हणून एक घट्टसर पिवळं द्रव्य मिळतं, घरगुती साबण बनवणाऱ्यांना सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन.

१ मिली तेल आणि १ मिली पॉलिसॉर्बेट एका छोट्या काचेच्या बाटलीत आधी दोघंच मिसळा, बोटाने नाही, काडीने. मग थोडं थोडं करत ९८ मिली पाणी घाला आणि हलवत राहा. दुधासारखं पांढुरकं पाणी होईल, ते बरोबर आहे. हे झालं तुमचं १ टक्क्याचं मूळ द्रावण. मोजायला १ मिली आणि १० मिलीच्या सिरिंजा केमिस्टकडून आणा, थेंब मोजू नका, कारण प्रत्येक तेलाचा थेंब वेगळा आणि प्रत्येक ड्रॉपरचाही. हातमोजे घाला, लवंग आणि ओव्याचं तेल कातडीला झोंबतं, खिडकी उघडी ठेवा.

आता गणित. या मूळ द्रावणातलं १ मिली १०० मिली पाण्यात टाकलं की साधारण १०० पीपीएम. अर्धा मिली टाकलं तर ५०, दोन मिली टाकलं तर २००. एवढंच आहे, घाबरू नका. बाटली दर वेळी हलवून मगच घ्या, नाहीतर वरचं तेल एकात आणि खालचं पाणी दुसऱ्यात जातं.

ग्लासातली परीक्षा

पाच काचेचे ग्लास. काचेचेच. मी पहिल्यांदा पितृपक्षातले उरलेले थर्माकोलचे ग्लास काढले (हो, बंदी २०१८ पासून आहे, माळ्यावर पडलेले होते) आणि संत्र्याचं तेल थेट त्यात मोजून ठेवलं. चहा गाळून परत आले तर ग्लासाचा तळ वितळून जाळी झालेली आणि ओट्यावर तेल. लिमोनिन थर्माकोल विरघळवतं हे मला तेव्हा कळलं. पातळ प्लॅस्टिकचंही तसंच समजा.

नळाचं पाणी आदल्या रात्री उघड्या पातेल्यात ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल. प्रत्येक ग्लासात १०० मिली. अळ्या पकडायला पांढऱ्या डिशमध्ये थोडं थोडं पाणी ओता, पांढऱ्यावर लगेच दिसतात, आणि ड्रॉपरने उचला, ड्रॉपरचं टोक जरा कापून रुंद करा म्हणजे चिरडत नाहीत. मोठ्या, धडधाकट पोहणाऱ्या अळ्या घ्या. स्वल्पविरामासारखे वळलेले, गोल डोक्याचे जे असतात ते कोष, ते घेऊ नका, ते खात नाहीत आणि एक-दोन दिवसात त्यातून डास बाहेर येतो. प्रयोगशाळेत एका भांड्यात २० ते २५ अळ्या घेतात, घरी १० चालतील पण मग तीनदा वेगवेगळ्या दिवशी करा.

पहिल्या ग्लासात नुसतं पाणी. दुसऱ्यात पाणी अधिक फक्त पॉलिसॉर्बेट, तेल नाही (१ मिली पॉलिसॉर्बेट ९९ मिली पाण्यात कालवून त्यातलं २ मिली टाका). तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यात ५०, १०० आणि २०० पीपीएम तेल. ग्लासांवर मच्छरदाणीचं कापड आणि रबर, न विसरता. पहिले दोन ग्लास दुसऱ्या खोलीत ठेवा कारण तेलाची वाफ पसरते आणि शेजारच्या ग्लासावर परिणाम होतो.

हा दुसरा ग्लास लोक गाळतात आणि मग फसतात, मी पण फसले. माझ्याकडे पहिल्या वेळी पॉलिसॉर्बेट नव्हतं म्हणून भांडी घासायचं लिक्विड टाकलं, अंदाजाने, एक पिळ. तासाभरात सगळ्या अळ्या तळाला. मी आनंदाने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले, ‘लवंग तेलाची कमाल’ वगैरे. माझी मावसबहीण झूऑलॉजी शिकवते, तिने एकच ओळ लिहिली, नुसतं लिक्विड टाकून बघितलंस का. दुसऱ्या दिवशी बघितलं. तेवढ्याच मेल्या. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, अळीची ती नळी वर टिकत नाही, पाणी आत जातं आणि ती बुडते. म्हणजे मी लवंगेला श्रेय देत होते आणि काम साबणाचं. फोटो डिलीट केले पण तोपर्यंत मामांनी ते तीन ग्रुपवर पाठवलेले.

मोजायचं कधी

बरोबर २४ तासांनी. पहिल्या तासात सगळ्या तळाशी गेल्या म्हणून टाळ्या वाजवू नका, काही नुसत्या गुंगलेल्या असतात आणि परत वर येतात. टूथपिकने हळूच टोचा. हलली नाही तर मेली. थोडी वळवळते पण वर येऊन श्वास घेऊ शकत नाही ती पण मेल्यातच मोजतात. मधल्या काळात दहातली एखादी कोष झाली तर ती मोजणीतून काढा, जास्त झाल्या तर प्रयोगच परत.

तेल नसलेल्या ग्लासातही एखाद-दुसरी मरतेच. तिथे २० टक्क्यांच्या वर मेल्या तर तुमचं पाणी किंवा हाताळणी खराब, सगळं फेका आणि पुन्हा करा. ५ ते २० टक्के असतील तर ॲबटचं सूत्र लावतात, १९२५ पासून चालत आलंय. तेलातल्या टक्क्यांतून बिनतेलाचे टक्के वजा करायचे, मग १०० मधून बिनतेलाचे टक्के वजा करून त्याने भागायचं, गुणिले १००. उदाहरणार्थ तेलात ९० टक्के मेल्या आणि बिनतेलाच्या ग्लासात १०, तर ८० भागिले ९०, म्हणजे जवळपास ८९ टक्के. वहीत लिहून ठेवा, तारीख, तेलाची बाटली कधी उघडली, सगळं.

माझ्या स्वयंपाकघरात गवती चहा आणि ओवा दोन्ही १०० ला बऱ्यापैकी चालले, संत्रं २०० ला पण रडतखडत. तुमची बाटली वेगळी, तुमचे आकडे वेगळे येतील.

झाल्यावर ग्लासातलं पाणी वॉश बेसिनमध्ये ओतायच्या आधी त्यात उकळतं पाणी घाला, जिवंत अळी एकही जाता कामा नये. डास बनेपर्यंत अळ्या घरात ठेवायच्या नाहीत, मुलांच्या प्रोजेक्टसाठी सुद्धा नाही.

आता खऱ्या जागेवर

जो डोस ग्लासात ९० टक्क्यांच्या वर गेला तोच घ्या, थोडा वरचा घेतला तरी चालेल, पण आधी जागेत पाणी किती ते मोजा. कुंडीच्या प्लेटमध्ये जेमतेम पाव लिटर असतं. १०० पीपीएमसाठी मूळ द्रावण अडीच मिली. एसीच्या बादलीच्या तळाशी लिटरभर, तर १० मिली. ट्रॅपमध्ये अर्धा-एक लिटर धरा, रात्री झोपताना टाका.

आता हेच गणित मोठ्या जागेला लावून बघा. २०० लिटरचा ड्रम, १०० पीपीएम, म्हणजे शुद्ध तेल २० मिली. तुमची १५ मिलीची महागडी बाटली एकाच ड्रमला पुरत नाही. दीड मीटर बाय दीड मीटर लिफ्टच्या खड्ड्यात दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे सव्वादोनशे लिटर. आणि हे तेल उडून जाणारं आहे, दोन-तीन दिवसात वास गेला की असर पण गेला असं धरून चाला, पावसाचं पाणी पडलं तर त्याच्याही आधी. पालिकेचे लोक जे टेमिफॉस नावाचं अळ्या मारायचं औषध टाकतात ते १ पीपीएमला काम करतं, म्हणजे शंभरावा हिस्सा. त्यामुळे लिफ्टचा खड्डा पंप लावून उपसा, नाहीच जमलं तर पालिकेच्या आरोग्य खात्याला कळवा, त्यांच्याकडे टेमिफॉस असतं, बीटीआय नावाची जिवाणूंची पावडर असते जी अळीने खाल्ली की तिचं पोट फाडते आणि माणसाला, माशाला काही करत नाही. (कोष खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर बीटीआय चालत नाही हेही लक्षात ठेवा.)

माझा भाऊ ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, शेजारी टॉवरचं काम चालू, स्लॅबवर बांध घालून क्युरिंगचं (काँक्रीट पक्कं व्हायला ठेवतात ते) पाणी साठवलेलं. तो म्हणाला ताई तुझं तेल पाठव. मी म्हटलं अरे एक स्लॅब म्हणजे हजारो लिटर, तेलाचा टँकर मागवशील का. तिथे उपाय एकच, साइटवाल्यांना आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून स्लॅब सुकवायला लावणे, आणि ऐकलं नाही तर तक्रार.

दर किती दिवसांनी? अंड्यापासून डास व्हायला आपल्या उकाड्यात साधारण ७ ते १० दिवस लागतात. पालिका जो ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणून बोंब मारत असते त्याचं कारण हेच आहे, आठवड्यातून एकदा साखळी तोडली की डास बाहेर पडत नाही. तेल तर त्याहून लवकर उडतं, तरी आठवड्यातून दोनदा टाकलं तर मधे घुसलेल्या लहान अळ्या मोठ्या व्हायच्या आत सापडतात. मी बुधवार आणि रविवार ठरवलेत, रविवारी आधी घासणं मग तेल.

जिथे अजिबात टाकायचं नाही

पिण्याच्या, वापरायच्या टाकीत तर नाहीच, कितीही ‘नॅचरल’ असलं तरी. टाकीला झाकण घट्ट आणि ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला बारीक जाळी, बस.

मासे असतील तिथे नाही. लवंग तेल तर माशांना बेशुद्ध करायला वापरतात, मत्स्यालयवाल्यांना विचारा. गप्पी मासे सोडलेल्या हौदात तेल टाकलंत तर अळ्या खाणारा तुमचा फुकटचा नोकरच मारलात. ठाण्याची तलावपाळी, उपवन, नवी मुंबईतले होल्डिंग पाँड (पावसाचं पाणी साठवायचे मोठे तलाव), खाडीकाठचं खारफुटीतलं पाणी, यातल्या कशातही नको, तिथे मासे, खेकडे, पक्षी सगळंच आहे.

गटारात टाकून पैसे वाया. वाहून जातं, आणि उरलेलं गाळात शोषलं जातं.

घरात मांजर असेल तर फार जपून, मांजरांचं यकृत असली तेलं नीट पचवू शकत नाही. ज्या प्लेटमधून ती पाणी पिते तिथे नाही. तान्हं बाळ, दम्याचं कोणी असेल तर बंद बाथरूममध्ये वास कोंडून ठेवू नका. बाटल्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका, निलगिरीचं तेल थोडंसं जरी पोटात गेलं तरी लहान मुलाला फिट येऊ शकते, उलटी करवत बसू नका, सरळ दवाखाना.

मूळ द्रावण एका आठवड्याच्या वर ठेवू नका, गडद काचेच्या बाटलीत, लेबल लावून, फ्रीजमध्ये जेवणाशेजारी तर नकोच. आमच्या सेक्टरातल्या एका काकूंना माझी वही आवडली, म्हणाल्या आपण बाटल्या भरून सोसायटीत विकूया, शंभर रुपयाला एक, गणपतीपर्यंत छान चालेल. मी नाही म्हटलं. स्वतःच्या कुंडीत टाकणं वेगळं, कीटकनाशक म्हणून विकायचं झालं तर १९६८ च्या कायद्याखाली केंद्राकडे नोंदणी लागते. काकू अजून जरा फुगलेल्या आहेत, पण त्यांच्या गॅलरीतल्या अकरा प्लेट्स त्यांनी परवा स्वतः घासल्या, मी खिडकीतून बघितलं.